शिकवायला लागल्यापासून स्वतःचं लिहिणं अडलंय

कोरा_समास

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज लिहितेय, कारण हे घरात कोणाशी बोलावं ते कळत नाही.

माझा एक कथासंग्रह आणि एक कादंबरी प्रसिद्ध झाली आहे. गेली सहा वर्षं कथालेखन शिकवते, आठवड्यातून दोन संध्याकाळी, वर्गात साधारण बारा-चौदा जण असतात. शिकवणं मला मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकते. वर्गातून घरी येताना डोकं तापलेलं असतं, पण चांगल्या अर्थाने.

अडचण अशी की दुसरी कादंबरी चौदा महिन्यांत अकरा पानांच्या पुढे सरकलेली नाही. पहाटे साडेपाचला बसते. सातला वडिलांचं औषध, मग मुलांची गडबड, म्हणजे हातात दीड तास. एक वाक्य लिहिते आणि लगेच वर्गातला माझाच आवाज कानात येतो. "सांगू नका, दाखवा." "हे विशेषण लागतंय का?" "या पात्राला इथे नक्की काय हवंय?" वाक्य खोडते. दुसरं लिहिते, तेही खोडते. सात वाजतात.

इथपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते की थकवा असेल. पण मागच्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जात नाहीये.

वर्गातल्या एका मुलीने कथा आणली होती. मुलगा आईला कानाच्या तपासणीला घेऊन जातो, एवढीच घटना. छोट्याशा बंद खोलीत आई हेडफोन लावून बसते आणि आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं असतं. त्या बटणावर तिने एक अख्खं पान लिहिलं होतं. करडी वायर, अंगठ्याने घासून गुळगुळीत झालेला मधला भाग, आईने ते आधी रुमालाने पुसून घेणं, मग दोन्ही हातांत धरणं. आणि आवाज आलेला नसतानाही ती बटण दाबते, कारण काचेपलीकडच्या तपासणाऱ्या मुलीची निराशा होऊ नये असं तिला वाटतं.

मी समासात लिहिलं, "कथा इथे थांबते. हे पान गाळून बघ." तिने गाळलं. त्या पानाच्या आधारावर उभं असलेलं पुढचंमागचंही बरंच गेलं. चौदा पानांची कथा नऊ पानांची झाली. वर्गाने कौतुक केलं, मीही केलं. रात्री घरी पुन्हा वाचायला घेतली तेव्हा कथा स्वच्छ होती, वेगवान होती, पण तिच्यात आई नव्हती. मुलगा होता, तपासणी होती, निकालाचा कागद होता. आईला मीच बाहेर काढलं होतं.

त्या रात्री पहिल्यांदा मनात आलं की पहाटे मी माझ्या कादंबरीचंही हेच करतेय की काय.

त्यात भर म्हणजे पहिली तीन प्रकरणं (जुनी अकरा पानं आणि आधीचे काही तुकडे जोडून) मी आधीच्या प्रकाशकांना दाखवली होती, ती परत आली. पत्रात एकच कारण होतं, "कथानकाला वेग नाही."

तुमच्यात जे लिहितात आणि शिकवतातही, त्यांना विचारायचंय. डोक्यातला शिक्षक कसा उतरवता? वर्ग बंद करावा का? आणि त्या एका वाक्याला किती वजन द्यावं?

---

शिसपेन

वर्ग एक वर्ष बंद ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. लिहिणं शिकवता येत नाही, वाचणं शिकवता येतं. तुम्ही सहा वर्षं दुसऱ्यांच्या कच्च्या खर्ड्यांतल्या चुका शोधताय. नजर चुका शोधायला सरावली की कोऱ्या पानावरही तिला आधी चूकच दिसणार. स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. मी मुद्रितशोधन करायचो तेव्हा चार वर्षं एक कविता झाली नाही. काम सोडल्यावर तीन महिन्यांत लिहायला लागलो.

---

जुनी_वही

शिसपेन यांचा अनुभव खरा आहे, पण सल्ला मला पटत नाही. मुद्रितशोधन म्हणजे चुका शोधणंच. शिकवणं म्हणजे चुका शोधणं असायला नको, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या वर्गात ते तसं झालंय. ताई, तुमची अडचण वर्ग घेण्यात नसून वर्ग ज्या पद्धतीने चालतो त्यात आहे, असं मला वाटतं. मी बावीस वर्षं शिकवतोय, आणि त्यातली पहिली नऊ वर्षं तुम्ही केलंत तेच केलं.

ही पद्धत आली कुठून हे बघण्यासारखं आहे. 1936 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात लेखन-कार्यशाळा सुरू झाली आणि पुढे जगभरच्या वर्गांनी तोच नमुना उचलला. सगळ्यांनी गोल बसायचं, कथेवर बोलायचं, आणि जिची कथा आहे तिने गप्प राहायचं. हेतू चांगला होता. छापल्यावर लेखक वाचकाशेजारी बसून खुलासे करू शकत नाही, तर आत्तापासूनच सवय लागू दे. पण बारा जण बोलायला लागले की काय होतं ते तुम्ही रोज बघता. चूक दाखवणं सोपं असतं आणि दाखवणारा हुशारही वाटतो. एखाद्या पानावर आपण का रेंगाळलो हे सांगायला वेळ लागतो, शब्द सापडत नाहीत. म्हणून तासभर चुकाच बोलल्या जातात, आणि लिहिणारी ती यादी घेऊन घरी जाते.

मला वाट सापडली ती एका नृत्यरचनाकार बाईंकडून. लिझ लर्मन यांनी 1990 मध्ये कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची एक चार पायऱ्यांची रीत बसवली. आधी प्रेक्षकांनी सांगायचं की काय लक्षात राहिलं, काय भिडलं. मग कलाकाराने स्वतःचे प्रश्न विचारायचे. मग प्रेक्षकांनी प्रश्न विचारायचे, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. "हे पान इतकं लांब का?" हा प्रश्न नाही, तो शेरा आहे. "या पानावर वाचकाने काय करावं असं तुला वाटत होतं?" हा प्रश्न. मतं सगळ्यात शेवटी, तीही कलाकाराची परवानगी घेऊन, आणि "नको" म्हणायची त्याला मुभा.

मी तेरा वर्षं वर्ग असाच घेतोय. पहिली फेरी सर्वात अवघड जाते. "चांगलं आहे", "आवडलं" हे शब्द मी त्या फेरीत चालूच देत नाही. फक्त काय दिसलं ते सांगायचं. तुमच्या वर्गात ही फेरी झाली असती तर चौदांपैकी निदान पाच जणांनी "ते बटण" म्हटलं असतं, आणि तुमच्या हातातली पेन्सिल आपोआप खाली गेली असती.

आता "सांगू नका, दाखवा" बद्दल. हे वाक्य मीही हजार वेळा म्हटलंय. ते एका विशिष्ट दुखण्यावरचं औषध आहे. नवा लेखक "ती फार दुःखी झाली" लिहून मोकळा होतो, त्याला ते लागू पडतं. तुम्हाला ते दुखणं नाही, तरी तुम्ही रोज पहाटे तेच औषध घेताय. हे वाक्य बघा: "त्यानंतर अकरा वर्षं ती त्या खोलीत गेली नाही." हे निव्वळ सांगणं आहे. हे दाखवायला गेलात तर दाराची कडी, धूळ, थरथरणारा हात, असं दीड पान होईल आणि अकरा वर्षं मात्र हरवतील. काळ दाखवता येत नाही, सांगावाच लागतो. गोष्ट सांगणाऱ्याला शेकडो वर्षं "सांगणारा" म्हणतात ते काही उगीच नाही.

माझी स्वतःची सवय सांगतो. पहिला खर्डा हाताने, उजव्या पानावरच. डावं पान रिकामं. शंका आली की डाव्या पानावर तेवढीच शंका लिहायची आणि उजवीकडे पुढच्या वाक्याला लागायचं. उजव्या पानावर खोडायचं नाही, हा एकच नियम. डोक्यातल्या शिक्षकाला मी हाकलत नाही, इतक्या वर्षांनी तो जाणारही नाही. त्याला डावं पान दिलंय. पूर्ण खर्डा झाल्यावर डावी पानं वाचतो तेव्हा निम्म्याहून अधिक शंका पुढच्या पानांनीच सोडवलेल्या असतात.

वर्ग बंद करू नका. त्या मुलीला पहिला खर्डा मागा.

---

फर्मा_सोळा

मी सतरा वर्षं प्रकाशनात संपादक होते, आता घरून काम करते. त्या पत्राबद्दल बोलते.

ताई, आधी एक समजून घ्या. हस्तलिखित आलं की ते बहुधा एक-दोन बाहेरचे वाचक वाचतात आणि त्यांचा पानभर अभिप्राय येतो. मग संपादक चाळतो. मग बैठकीत हिशेब होतो: यंदा किती पुस्तकं आधीच घेतली आहेत, हे किती फर्म्यांचं (फर्मा म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा गठ्ठा) होईल, याच लेखिकेचं आधीचं किती शिल्लक आहे. निर्णय या सगळ्याच्या गोळाबेरजेतून होतो. पत्रात मात्र एकच वाक्य जातं आणि ते जवळजवळ नेहमी मजकुराबद्दल असतं, कारण गोदामाबद्दल लेखकाला लिहायला बरं वाटत नाही. अशी शेकडो पत्रं मी स्वतः लिहिली आहेत. काही वेळा तर त्या वाक्याचा निर्णयाशी फारसा संबंध नसायचा. त्याची खंत मला आजही आहे.

म्हणून त्या वाक्यावर कादंबरी बेतू नका. पण ते फेकूनही देऊ नका. संपादकाला मेल करून एकच नेमका प्रश्न विचारा: "वाचताना तुम्ही पहिल्यांदा कुठल्या पानावर थांबलात?" "काय चुकलं?" असं विचारलंत तर उत्तर यायचं नाही, कारण त्याला अर्धा दिवस लागतो. पान क्रमांक सांगायला मिनिट पुरतं. मला असा प्रश्न आला की मी हमखास उत्तर द्यायचे. आणि पान कळलं की मागची तीन पानं बघा. वाचक थांबतो एकीकडे, कारण असतं त्याच्या आधी.

आणखी एक. पहिल्या कादंबरीचा करार काढून वाचा. पुढच्या पुस्तकावर पहिला हक्क प्रकाशकाचा, असं कलम आहे का? असेल तर हे नकाराचं पत्र जपून ठेवा आणि कलम संपलं का तेही लेखी विचारून घ्या. लेखक मंडळी हा कागद सही करून कपाटात ठेवतात आणि पुन्हा बघत नाहीत.

तुमच्या विद्यार्थिनीच्या कथेवरून मला अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर आठवले. त्यांचा 1981 चा कथासंग्रह छापला जाण्याआधी संपादक गॉर्डन लिश यांनी मूळ हस्तलिखिताचा निम्म्याहून अधिक मजकूर कापला. जुलै 1980 मध्ये कार्व्हरनी त्यांना कळवळून पत्र लिहिलं, पुस्तक थांबवा म्हणून. ते थांबलं नाही. त्या कापलेल्या पुस्तकाने त्यांना मोठं नाव मिळवून दिलं, हेही तितकंच खरं. पण त्यातली एक कथा, मुलाला वाढदिवशी गाडीची धडक बसते ती, त्यांनी 1983 च्या संग्रहात पुन्हा तिच्या मोठ्या रूपात आणली. कापलेल्या कथेत नसलेला एक संपूर्ण शेवट त्यात आहे, आईवडील आणि एक अनोळखी माणूस पहाटेपर्यंत एकत्र बसतात तो. मूळ हस्तलिखित 2009 मध्ये प्रसिद्ध झालं, कार्व्हर गेल्यावर एकवीस वर्षांनी. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मी संपादक असूनही सांगते, काही ठिकाणी लिश यांची कात्री अचूक आहे आणि काही ठिकाणी तिने माणूसच नेला आहे. कात्री दोन्हीकडे तीच होती, आणि हे मला नोकरीत फार उशिरा दिसलं.

---

रात्रपाळी

मी परिचारिका आहे, कथा लिहिते, दोन छापून आल्यात. शिकवण्याचा अनुभव नाही, त्यामुळे फक्त वेळेबद्दल लिहिते.

दीड तास सलग मिळतो हे वाचून मला क्षणभर हेवा वाटला. मला वीस मिनिटं मिळतात, पाळी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत. त्यात मी नवं काही सुरू करत नाही. आदल्या दिवशी वाक्य अर्धवट सोडलेलं असतं ते पूर्ण करते आणि पुढे जाते. उठताना पुन्हा एक वाक्य मधेच तोडून ठेवते. दिवसभर ते अर्धं वाक्य सोबत असतं. सलाईन बदलताना, चादरी मोजताना त्याचा उरलेला भाग आपसूक येतो. पूर्णविराम देऊन उठले की दुसऱ्या दिवशी पहिली दहा मिनिटं वाया जातात.

अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन आणि कॅनडाच्या कथाकार ॲलिस मन्रो, दोघींचाही जन्म 1931 चा. मॉरिसन दोन मुलं एकट्याने वाढवत संपादकाची नोकरी करायच्या, पहाटे उजाडायच्या आत लिहायच्या. पहिली कादंबरी 1970 मध्ये आली. मन्रो यांचा पहिला संग्रह 1968 चा. घर आणि मुली सांभाळताना कादंबरीएवढा सलग वेळ मिळत नव्हता म्हणून त्या कथेकडे वळल्या, असं त्यांनीच सांगितलं होतं. पुढे 1993 आणि 2013 मध्ये दोघींना नोबेल मिळालं, पण मला धीर येतो तो नोबेलमुळे नाही. पहिल्या पुस्तकाच्या वेळी एक एकोणचाळीसची होती आणि दुसरी सदतीसची, या आकड्यांनी येतो.

आणि त्या कथेबद्दल एक गोष्ट तुमच्या विद्यार्थिनीला नक्की सांगा. आवाज नसताना बटण दाबणारी माणसं खरोखर असतात, मी पाहिली आहेत. म्हणूनच तपासणारी व्यक्ती ठरावीक तालात आवाज देत नाही. मधेमधे मुद्दाम लांब शांतता ठेवते, म्हणजे अंदाजाने दाबलेलं कळून येतं. म्हणजे काचेपलीकडच्या मुलीला सगळं दिसत असतं. आई तिच्यासाठी दाबतेय, आणि ती ते बघतेय. हे त्या पानात येईल का?

---

शिसपेन

जुनी_वही, डाव्या पानाची कल्पना मी उद्यापासून करून बघणार आहे. वर्ग बंद करा हा सल्ला मागे घेतो. माझं काम आणि ताईंचं काम मी एकच धरलं होतं.

---

कोरा_समास

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून बघायचं होतं.

डावं-उजवं पान सुरू केलं. पहिले चार दिवस उजव्या पानापेक्षा डावं जास्त भरत होतं, आणि ते बघून रडू आलं. पाचव्या दिवशी वडिलांना रात्री त्रास झाला, मी उशिरा उठले, पाऊण तासच उरला होता. त्या दिवशी डावीकडे काहीच लिहायला वेळ झाला नाही. आता उजवीकडे तेवीस पानं आहेत. चांगली आहेत का ते बघितलेलं नाही. रात्रपाळीताई, वाक्य अर्धवट सोडायला मला फार जड जातं, हात पूर्णविरामाकडे जातोच. पण दोनदा जमलं, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या हात चालू झाला.

फर्माताई, मेल केला. दोन दिवसांत उत्तर आलं: पान 17. मागची तीन पानं उघडली तर तिथे मी पात्राचं सगळं बालपण एका परिच्छेदात दाबून बसवलंय, तेही "दाखवण्याच्या" हट्टापायी, पाच तुटक प्रसंगांत. ते दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. करारात ते कलम आहे. लेखी विचारलंय.

वर्गात पहिली फेरी घेतली, मतं न देता. पहिली दहा मिनिटं कोणीच बोललं नाही. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच बोलणार होते. मग मागच्या बाकावरचा एक गृहस्थ म्हणाला, "मला रुमाल दिसला." कारण त्या मुलीने पहिला खर्डा जपून ठेवला होता, मी मागितला तेव्हा काही न बोलता पिशवीतून काढून दिला, आणि त्या दिवशी आम्ही तोच वाचत होतो. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की गाळायला सांगणं ही माझी चूक होती. शांततेबद्दलची गोष्टही सांगितली. ती लगेच लिहायला लागली, तिथेच, बाकीचे बोलत असताना.

त्या पानाच्या शेवटी एक ओळ होती, ती मी पहिल्या वाचनात पेन्सिल हातात धरून ओलांडली होती. हेडफोन काढता काढता आई काचेकडे बघून विचारते, "सगळे बरोबर आले ना गं?"